भेंडाची बाजू

जानेवारी सरत आला की पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात बसंत राणी फुलते. फांदीवर पान एकही नाही, नुसता गुलाबी बहर. गाड्या कडेला लागतात, लोक उतरून फोटो काढतात, वर्तमानपत्रांत तो फोटो मोठा छापून येतो आणि आता चेरीच्या बहरासाठी जपानला जायला नको, असं कुणीतरी हमखास म्हणतं. थोड्या दिवसांत फुलं झडतात. मग वर्षभर त्या झाडांकडे कुणी मान वर करून पाहत नाही. बसंत राणीवर माझा राग नाही. मध्य अमेरिकेतलं हे झाड, एल साल्वाडोरचा तर तो राष्ट्रीय वृक्ष. तिथे त्याचा मान आहे आणि इथेही ते सुंदरच दिसतं. राग आहे तो या कौतुकाच्या पाठोपाठ दरवर्षी ऐकू येणाऱ्या एका मतावर.

ते मत असं. बाहेरून आणलेली ही झाडं आहेत म्हणून उपनगरांत डोळ्यांना काही दिसतं तरी, एरवी खाडीच्या बाजूला पाहण्यासारखं आहे काय? मुलुंड-भांडुपची मिठागरं म्हणजे ओसाड माळ. गोराई-चारकोपच्या कडेला चिखल, डास आणि झुडपं. तिथे आपोआप जे उगवतं त्याला ना धड खोड, ना फूल. आणि भेंड? ते तर कचऱ्याचं झाड. वाकडं वाढतं, बारा महिने पानं गाळतं, लाल किडे आणतं. तोडलं तर कुणाचं काही बिघडत नाही. खारी जमीन सुधारायची असेल तर आधी भराव घाला, वर चांगली माती टाका आणि मग शोभेची झाडं लावा. हे मी सोसायट्यांच्या बैठकांत ऐकलं आहे, बागा लावून देणाऱ्या कंत्राटदारांकडून ऐकलं आहे, आणि आपलं झाडांवर प्रेम आहे असं सांगणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांकडून सर्वांत जास्त ऐकलं आहे.

भेंडाला फूल नाही, असं म्हणणारा माणूस भेंडाखाली पाच मिनिटं तरी उभा राहिला आहे का? भेंड जास्वंदीच्या आणि कापसाच्या कुळातला. पान पिंपळासारखं हृदयाकृती, लांब टोकाचं, वरून चकचकीत. म्हणून कुणी त्याला पारोसा पिंपळही म्हणतात. फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं. पाच पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, जराशी पीळ घेतलेल्या, त्यामुळे फूल पुरतं पसरत नाही, घंटेसारखं खाली झुकून राहतं. आत डोकावलं तर प्रत्येक पाकळीच्या तळाशी गडद किरमिजी डाग दिसतो आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दांडा. दुपार कलली की तेच फूल रंग बदलायला लागतं. पिवळ्याचं नारिंगी होतं, नारिंगीचं जांभळट लाल. दुसऱ्या दिवशी ते गळून पडतं किंवा पिळा पडून फांदीलाच चिकटून राहतं. म्हणजे एका फांदीवर एकाच वेळी आजचं पिवळं फूल, कालचं लालसर फूल आणि उद्याची हिरवी कळी, तिन्ही दिसतात. हे पंधरा दिवसांचं नाही. मुंबईत भेंड जवळपास वर्षभर फुलतो, थंडीत जरा जास्त. मग त्याचा फोटो का निघत नाही? कारण तो फुलताना पानं टाकत नाही. त्याचं फूल पानांच्या गर्दीतच असतं. ते पाहायला झाडाजवळ जावं लागतं, धावत्या गाडीच्या काचेतून ते दिसत नाही. हा दोष झाडाचा आहे की पाहणाऱ्याचा?

शिवाय फुलणं म्हणजे माणसाला दुरून दिसणं, एवढाच फुलाचा अर्थ आपण कधीपासून करायला लागलो? भेंडाच्या फुलात शिंजीर चोच घालतो, मधमाश्या घुसतात. पान उलटून पाहा. मधल्या शिरेच्या बुडाशी एक बारीक मधग्रंथी असते, मुंग्या तिथे ये-जा करत असतात. वर्षभर फूल देणारं झाड म्हणजे वर्षभर चालू असलेली खानावळ. एप्रिल-मेमध्ये, आजूबाजूची किती झाडं उघडी पडलेली असताना, भेंडाखाली दाट सावली असते. भर उन्हात बस थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं, त्याला फेब्रुवारीतला गुलाबी फोटो हवा की मेमधली हिरवी सावली. मला उत्तराची शंका नाही.

आता 'ओसाड' जमिनीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. मुंबईत मिठागरांची जमीन पाच हजार एकरांहून जास्त आहे. तिचा मोठा भाग कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात, ठाणे खाडीच्या कडेला. पावसाळा संपला की भरतीचं पाणी उघडीतून आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवायचं, उन्हाने आटवायचं आणि उन्हाळ्यात मीठ ओढायचं. आगरी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हे केलं. ती जमीन वर्षातले काही महिने पाण्याखाली असते आणि काही महिने इतकी कोरडी की पांढरा थर चढून तिला भेगा पडतात. खारटपणा आणि कोरडेपणा एकाच जागी, एकाच वर्षात. आंबा तिथे लावा, गुलमोहर लावा, काय होईल ते सांगायला नको. त्या बांधांवर आणि खाडीच्या काठावर जी झाडं उभी आहेत ती या दोन्ही मारांना पुरून उरलेली आहेत. भेंड आहे, पिलू आहे, जरा आत करंज आहे, ओलीकडे तिवर आहे. तिवराचं पान उन्हात जवळून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. मुळांनी घेतलेलं जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पिलूला लालसर फळं येतात, पाखरं ती खातात, त्याच्या काड्या मिसवाक म्हणून दात घासायला वापरतात. आणि भेंडाचं बी समुद्राच्या पाण्यात तरंगत दूरवर जातं, तरीही त्याचा जीव शाबूत राहतो. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर हे झाड असंच पसरलं आहे. ताहितीत ते देवस्थानांच्या आवारात लावत, हवाईत त्याच्या लाकडाच्या वाट्या कोरत. ज्या जमिनीवर एवढं सगळं जगतं, तिला ओसाड म्हणायला काय धाडस लागतं?

धाडस नाही, सोय लागते. जमीन ओसाड ठरली की तिच्यावर काहीही करता येतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्वसनातल्या भाड्याच्या घरांसाठी वापरायचं ठरवलं. घरं लागतात, हे कुणी नाकारत नाही. धारावीतल्या माणसाला चांगलं घर मिळालंच पाहिजे, आणि ते भरतीच्या पाण्याच्या वाटेवर नसावं, हाही त्याचा हक्क आहे. पण या निर्णयाच्या बाजूने जे बोललं जातं त्यात 'तिथे आहेच काय' हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की अंगावर काटा येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री पाण्याला पसरायला उपनगरांत ज्या सखल मोकळ्या जागा होत्या, त्यांत ही मिठागरं होती. तिथे आहेच काय, याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. पलीकडे ठाणे खाडीत दरवर्षी रोहित येतात. तिथे २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. भांडुप पंपिंग स्टेशनला रोहित पाहायला लोक पहाटे रांगा लावतात. पक्षी पाहायला जाताना ज्या काठाच्या झाडांखालून जातात, ती झाडं मात्र 'झुडपं'!

कुणी म्हणेल, खारफुटीला तर कायद्याचं कवच आहे, आता आणखी काय हवं? कवच आहे, आणि ते सहज मिळालेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला खारफुटी तोडायला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा राखायला सांगितलं. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. पांढऱ्या चिप्पीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचे पांढरे केसर रात्रभर वटवाघळांना बोलावतात आणि सकाळपर्यंत झडून जातात. ज्या जमिनीला फुलं येत नाहीत म्हणता, तिथल्या फुलाला राज्याने मान दिला आहे, हे किती जणांना माहीत आहे? पण पाण्यात उभ्या खारफुटीला मिळालेलं हे लक्ष तिच्या पाठीशी, कोरड्या काठावर उभ्या असलेल्या भेंडाला आणि पिलूला मिळत नाही. त्या ५० मीटरांच्या पट्ट्यात जे उभं असतं ते हेच. आणि डेब्रिजचा ट्रक रात्री रिकामा होतो तोही याच पट्ट्यात. ओल्या चिखलात ट्रक रुततो, कोरड्या काठावर रुतत नाही. आधी भेंडाच्या बुंध्याभोवती राबिट पडतं, मग झाड वाळतं, मग भराव आणखी थोडा पुढे सरकतो आणि खारफुटीपर्यंत पोचतो. काठाचं झाड हा खाडीचा पहिला पहारा आहे. तो उठवला की आतलं कसं वाचणार?

आता कचरा आणि किडे. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या बैठकीत मी होतो. आवारातले भेंड तोडून त्याजागी 'फुलांची झाडं' लावायचा ठराव होता. पानं पडतात, झाडणारा वैतागतो, आणि लाल किडे भिंतीवर चढतात, ही कारणं. पानांचं पाहू. भेंड पानं टाकतो ती थोडी थोडी, एकेक पिवळी होऊन. एका महिन्यात सगळं अंग उघडं करणारं झाड त्या महिन्यात काय ढीग लावतं, ते ज्या झाडूवाल्याने उचललं आहे त्यालाच विचारा. लाल किड्यांचं पाहू. भेंडाची फळं चपटी, गोल, वाटीसारख्या निदलपुंजावर बसलेली. हिरवी असताना चिरली तर पिवळा चिकट रस येतो, पिकून काळपट झाली तरी उकलत नाहीत. खाली पडलेल्या या फळांतल्या बियांवर लाल किडे जमतात, कारण ते बियांतला रस शोषून जगतात. ते कापसावरही येतात. कापसाच्या शेताशेजारी भेंड नको, हे कुणी शेतकऱ्याने म्हटलं तर मी त्याचं ऐकेन. मुलुंडला कापूस कुठे पिकतो? ते किडे माणसाला चावत नाहीत, घरातल्या धान्याला लागत नाहीत, खुद्द भेंडाचंही त्यांच्यामुळे फारसं बिघडत नाही. फळं दोन दिवसांनी झाडून घेतली की झुंडी पांगतात. याच उपनगरांत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाने एकामागून एक मोठमोठे पर्जन्यवृक्ष वाळवले. दक्षिण अमेरिकेतून आणलेली ती विशाल झाडं सांगाड्यांसारखी उभी राहिली आणि मग कोसळायच्या भीतीने तोडावी लागली. त्यांच्यावर कुणी कचऱ्याचा शिक्का मारला नाही. मारूही नये. पण भेंडाला मात्र निरुपद्रवी किड्यासाठी फाशी?

वाकडा वाढतो म्हणे. वाढतो. खोड पहिल्यापासूनच सरळ चढत नाही, फांद्या खालूनच पसरतात, आणि तो फार उंच जात नाही. शहरात हा गुण आहे. वरून विजेच्या तारा, खालून गटार, बाजूला गाळ्यांची छपरं, अशा जागी ताडमाड झाड लावून दरवर्षी मे महिन्यात त्याचा शेंडा उडवायचा, यात झाडाचं भलं आहे की माणसाचं? १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा शहरात दोन हजारांहून जास्त झाडं पडली. मुळांभोवती सिमेंट गच्च भरलेलं आणि वर उंच, जड पसारा. दुसरं काय होणार होतं? भेंड बुटका, दाट, समुद्रवाऱ्यात वाढलेला. प्रशांत महासागरातल्या बेटांवर वारा अडवायला लोक किनाऱ्यालगत त्याच्या रांगा लावतात. लाकूड म्हणाल तर गाभा गडद तपकिरी, कठीण, पाण्यात टिकणारा. कोकणात त्याचे बैलगाडीच्या चाकांचे आरे झाले, होड्यांना तो लागला, आणि त्याच्या पानाची पिपाणी करून वाजवली नाही असं किनाऱ्यावरचं मूल एकेकाळी शोधावं लागलं असतं. भेंडीबाजाराचं नाव याच झाडांवरून पडलं, अशी मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. म्हणजे एकेकाळी हे झाड शहराच्या रस्त्यावर मानाने उभं होतं.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा: भराव घाला, माती बदला, मग झाड आणा. किंवा त्याचीच नवी आवृत्ती, खाऱ्या कोरड्या जागेला झटपट हिरवं करायचं तर कोनोकार्पस लावा. नव्या संकुलांच्या कुंपणांना हे झाड विकणाऱ्यांची कमी नाही. ते भरभर वाढतं, खारं पाणी सोसतं, कापलं की हिरवी भिंत होते. गुजरातने हे सगळं करून पाहिलं आणि २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागांमुळे सर्दी, दमा, ॲलर्जी आणि खोलवर जाऊन भूमिगत वाहिन्यांत शिरणारी मुळं, ही कारणं दिली. शेजारच्या राज्याने चटका घेतल्यावरही आपण तोच तवा धरायचा? ज्या गुणांसाठी कोनोकार्पस आणायचं, म्हणजे खारं सोसणं, दुष्काळ सोसणं, सदाहरित राहणं, ते सगळे भेंडात आहेत, आणि भेंड या किनाऱ्यावर आधीपासून आहे. इथले पक्षी, इथल्या मुंग्या त्याला ओळखतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हाच भेंड उपद्रवी ठरला आहे, हे कुणी माझ्या तोंडावर फेकेल. जरूर फेका. तिथे तो बाहेरचा आहे म्हणून उपद्रवी ठरला. माझंही म्हणणं दुसरं काही नाही.

एक आक्षेप जरा हळुवारपणे घेतला जातो, पण तोही मला मान्य नाही. 'असेल उपयुक्त, पण सौंदर्य वेगळं. लोकांना झाडांकडे वळवायचं तर त्यांना आवडेल ते लावावं लागतं.' लोकांना काय आवडतं हे लोकांना दाखवल्याशिवाय कसं कळणार? महापालिकेच्या गेल्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांहून जास्त झाडं नोंदली गेली. त्यातल्या किती जातींची नावं आपल्या शाळांतल्या मुलांना येतात? भांडुपच्या शाळेतलं मूल गुलमोहराचं चित्र काढतं, मादागास्करहून आलेल्या झाडाचं. शाळेच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या भेंडाचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आवड अशी उपजत नसते, ती वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांनी, रोपवाटिकांनी आणि वर्तमानपत्रांच्या फोटोंनी घडवलेली असते. ती बदलताही येते. संध्याकाळी पाच वाजता एखाद्या मुलाला भेंडाच्या फांदीजवळ उभं करा आणि विचारा, सकाळचं फूल कुठलं आणि कालचं कुठलं. ते मूल त्या झाडाला कचरा म्हणणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे, आणि त्यात तडजोडीला जागा मला दिसत नाही. अंधेरीला लोखंडवालाच्या मागे, बोरिवलीला गोराई खाडीच्या काठाने, मुलुंड-भांडुपच्या मिठागरांच्या कडेला आणि घाटकोपर पूर्वेला महामार्गापलीकडे, जिथे जिथे जमीन खारी आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत आहे, तिथे पहिला मान भेंडाचा. महापालिकेच्या उद्यान विभागाने पावसाळी लागवडीच्या यादीत तो वरच्या ओळीत घालावा. त्यासाठी महागडी रोपंही लागत नाहीत. जाड फांदीचे तुकडे पहिल्या पावसात रोवले तरी ते रुजतात, कोकणात कुंपणं अशीच उभी राहिली. भोवती एक मीटर माती मोकळी ठेवा, सिमेंट ओतू नका, बुंध्यावर राबिट टाकणाऱ्याला दंड करा. ज्या सोसायटीला आवारातला भेंड तोडायचा आहे तिच्या अर्जावर 'कचरा' आणि 'किडे' ही कारणं वृक्ष प्राधिकरणाने ऐकूनही घेऊ नयेत. आणि मिठागराच्या कागदावर ओसाड लिहायला ज्यांची लेखणी शिवशिवते, त्यांनी आधी बांधावरून चालत जावं, उभी झाडं मोजावीत, त्यांची नावं लिहावीत, आणि तो कागद लोकांसमोर ठेवून मग सांगावं की इथे काही नाही.